इटलीतल्या खेड्यातलं रोजचं जगणं दाखवणारं एखादं प्रसन्न तैलचित्र हॉलसाठी सुचवाल का?

प्रश्नात 'प्रसन्न' हा शब्द नसता तर मी या वाटेला गेलो नसतो. पण तो आहे, म्हणून लिहितो.

मिलानला आठ दिवस आहात, खेड्यातलं एखादं चित्र तिथे प्रत्यक्ष बघायचं आणि त्याचीच प्रिंट सोफ्यामागे लावायची, असं तुमचं म्हणणं. मग मिलानच्याच गॅलेरिया द'आर्ते मोदेर्नामध्ये जा. सेगान्तिनीचं 1889 सालचं 'दोन आया' तिथे आहे. गोठा, कंदिलाचा उजेड, गाय-वासरू आणि शेजारी मांडीवर पोर घेऊन पेंगणारी बाई. कुठल्याही हॉलमध्ये शोभेल, पाहुणेही 'वा' म्हणतील. झालं तुमचं काम.

आता माझं. मला तुम्हाला तिथून तासाभराच्या रेल्वेवर, वेर्चेल्लीला धाडायचंय. तिथल्या बोर्गोन्या संग्रहालयात आंजेलो मोर्बेल्लीचं 'ऐंशी चेन्तेझिमींसाठी!' आहे. शंभर चेन्तेझिमींचा तेव्हा एक लिरा व्हायचा, आणि ऐंशी ही बाईची दिवसाची मजुरी. शेवटचं उद्गारचिन्ह चित्रकाराचंच. 1895 च्या सुमाराचं काम, उंची जेमतेम सव्वादोन फूट, रुंदी चार फूट. भाताच्या पाण्यात ओणवलेल्या बायकांची रांग. नुसत्या पाठी, वर खोचलेले घागरे, उघड्या पोटऱ्या आणि खाली पाण्यात त्यांचीच उलटी प्रतिबिंबं.

या पाठींवरून मी एकदा वर्गात हसं करून घेतलंय.

मी संगमेश्वर तालुक्यातला. 1986 साली नववीत इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला बसलो. सरावाला स्मरणचित्राचा विषय आला 'शेतातील काम'. पोरांनी बैल, नांगर आणि डोक्यावर पाटी घेऊन हसणारी बाई काढली. असली बाई आमच्या वाडीत मी तरी पाहिली नव्हती. मी लावणी काढली. आई पावसाळ्यात लोकांच्या खाचरात सात रुपये रोजावर जायची आणि दुपारचा चहा किटलीतून पोचवायचं काम माझं. बांधावरून जे दिसायचं ते काढलं. निळं पाणी, हिरवागार तरवा, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, आणि पावसासाठी पाठीवर घेतलेली, ओळीने वाकलेली इरली. डावीकडून तिसरी आई. तरव्याची मूठ ती ढोपरावर टेकवून सोडवायची, त्यावरून मी तिला लांबूनही ओळखायचो.

ड्रॉइंगच्या सरांनी कागद उचलून वर्गाला दाखवला. "तोंडं जमत नाहीत म्हणून बायका वळवून ठेवल्यास होय रे?" वर्ग फिदीफिदी हसला. मग म्हणाले, चित्र बघून माणसाचं मन प्रसन्न झालं पाहिजे. प्रत्यक्ष परीक्षेत 'आठवड्याचा बाजार' आला, तर मी हट्टाने सगळी गिऱ्हाइकं पाठमोरी काढली. 'सी' ग्रेड. पुढे मीही ड्रॉइंगचाच मास्तर झालो, पण तो शब्द डोक्यात अडकून राहिला.

2019 च्या मे महिन्याच्या सुट्टीत पुतणीकडे तुरिनला गेलो होतो. तुरिनहून मिलानला जाताना वाटेत वेर्चेल्ली लागतं. आमच्याकडे मे महिन्यात राब भाजून जमीन काळी पडलेली असते. तिथे खिडकीच्या दोन्ही बाजूंना खाचरं पाण्याने भरलेली, बांधांच्या चौकटी आखलेल्या. तिथले लोक त्याला चौकटींचा समुद्रच म्हणतात. पावसाचा पत्ता नाही, सगळं कालव्याचं पाणी. त्यातला मोठा कावूर कालवा 1866 पासून वाहतोय. एवढ्या पाण्यात बाई मात्र एक दिसली नाही. एक ट्रॅक्टर तेवढा लांबवर फिरत होता.

चित्रासमोर उभा राहिलो आणि पुतणीला ऐटीत म्हटलं, "लावणी चाललीय. ही बघ तुझी आजी." तिने ते तिथे बसलेल्या वयस्क बाईंना इटालियनमध्ये सांगितलं. बाईंनी मान हलवली, वाकून काहीतरी उपटल्याची आणि बाजूला टाकल्याची खूण केली आणि म्हणाल्या, "मोंदा." मोंदा म्हणजे बेणणी! चाळीस वर्षं चिखलात काढलेल्या घरातल्या माणसाला ती बाई भात शिकवत होती. मी म्हटलं, शक्यच नाही.

मग नीट बघितलं. लावणी करणारी बाई मागे मागे सरकते. लावलेलं तिच्या पुढ्यात राहतं आणि पाठीमागे मोकळं पाणी असतं. इथे बायकांच्या मागेही हिरवं, पुढेही हिरवं. तरव्याच्या मुठी कुठेच नाहीत. त्या काळात तिकडे भात पाण्यात थेट पेरत, रोपं उपटून लावण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. या 'मोंदिने' उन्हाळ्याच्या तोंडाला आठवडेच्या आठवडे ढोपरभर पाण्यात तण उपटायच्या, वर डास आणि हिवताप. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आणि यंत्रं आली आणि हे काम संपलं. मराठीत या चित्राखाली 'भातलावणी' लिहून फिरवणाऱ्यांना आता मी सोडत नाही. (बाईंची माफी मागितली, पुतणीतर्फे.)

जवळ जाल तर पाणी दिसणारच नाही, दिसतील केसासारख्या बारीक रेघा. शाळेत आपण हिरव्यात तपकिरी कालवून सावली करतो. हा गडी रंग कालवतच नाही, शेजारी शेजारी ठेवतो आणि कालवायचं काम तुमच्या डोळ्यावर सोडतो. सहा पावलं मागे या, पाणी हलायला लागतं. सेगान्तिनी, प्रेव्हियाती, पेल्लिझ्झा, सगळे याच पंथातले, 1891 साली मिलानच्या ब्रेरातल्या प्रदर्शनात हे प्रकरण पहिल्यांदा लोकांपुढे आलं. मोर्बेल्ली खरं तर संगीत शिकणार होता, पण लहानपणीच कान गेले म्हणून चित्राकडे वळला. मोंदिने काम करताना गायच्या, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि या बायका नुसत्या वाकून राहिल्या असंही नाही. 1906 मध्ये याच वेर्चेल्लीत त्यांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. आमच्या वाडीत आठ तास कोणी मोजले नाहीत.

तेव्हा हॉलमध्ये दुसऱ्याची दमलेली पाठ लावायला संकोच वाटत असेल, तर तो भिंतीचा दोष समजू नका. आपण जेवतो तो भात त्या पाठीवरूनच येतो. 'घरात दारिद्र्य कशाला टांगायचं' असं माझ्याही घरी कोणी कोणी म्हणालं. मी टांगलं.

आता दोन गोष्टी कबूल करतो. सेगान्तिनीला मी वर एका ओळीत उडवलं ते बरोबर नाही, तो मोठाच आहे. आणि चेहरेच हवे असतील तर त्याच मिलानच्या गॅलरीत पेल्लिझ्झाचा 'चौथा वर्ग' आहे, 1901 साली पुरा झालेला, साडेपाच मीटर रुंद. कामकरी माणसं सरळ आपल्या अंगावर चालत येतात, पुढची बाई चित्रकाराची बायको आणि बाकीचे त्याच्या गावचे लोक. पेल्लिझ्झा हा मोर्बेल्लीचा दोस्त, म्हणजे पाठी आणि तोंडं या दोन्ही बाजू एकाच मित्रमंडळात होत्या. तिसरी गोष्टही सांगून टाकतो, 1986 साली मला तोंडं खरोखरच जमत नव्हती. आजही बेताचीच.

परत आल्यावर चित्राचं कार्ड घेऊन सरांकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढे आहेत. चष्मा पुसून त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं, कार्ड उलटून मागची बाजूही बघितली. म्हणाले, "पाणी उत्तम."

मी म्हटलं, "सर, पाठी बघा. सगळ्या पाठीच आहेत."

"पाठींचं सोड रे. तू पाणी निळं काढलं होतंस. खाचरातलं पाणी निळं असतं होय?"

प्रिंट काढाल तर चित्र चौकोनी कापू देऊ नका, रुंदी उंचीच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्तच हवी. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर त्या बारीक रेघा मरतात. आणि दुकानात स्क्रीनवर पाण्याचा रंग स्वतः उभं राहून बघा, विचारल्याशिवाय निळा वाढवून देतात.