जुन्या सिपानी डॉल्फिन मोटारीच्या फायबरच्या मडगार्डला तडे गेले आहेत. पुट्टी भरून चालेल का, की एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे चिकट रेझिन) वापरावे? खर्च किती येईल?

पुट्टी भरून चालणार नाही. आपल्या गॅरेजवाल्याने 'पुट्टी भरून रंग मारून देतो, कळणारही नाही' असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. नेमके हेच वाक्य मी २००३ साली ऐकले होते आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बाबांनी १९९० मध्ये कोल्हापुरात जुनी सिपानी डॉल्फिन घेतली. शिक्षकाच्या पगारात घेतलेली ती पहिली आणि शेवटची गाडी. एका लग्नाच्या कार्यालयात गाडी लावताना पुढचा डावा कोपरा फाटकाच्या खांबाला घासला आणि चाकाच्या कमानीपासून हेडलाइटपर्यंत वीतभर तडा गेला. गॅरेजवाला पत्र्याच्या कामात वाकबगार होता. त्याने पत्र्याच्या गाडीचाच उपाय फायबरला केला. आतून पत्र्याची पट्टी लावली, रिव्हेट मारले, वरून पुट्टी भरली आणि रंग दिला. गाडी घरी आली तेव्हा बाबा दोनदा तिच्याभोवती फिरले होते. पुढच्या पावसाळ्यात पट्टी गंजून फुगली, पुट्टी त्याच रेषेत उकलली आणि प्रत्येक रिव्हेटच्या भोकापासून कोळ्याच्या जाळ्यासारखे नवे तडे निघाले. एका तड्याचे सात तडे झाले.

तेव्हा माझ्या थोरल्या भावाने ठामपणे सांगितले की फायबर कालांतराने कुजते, ते दुरुस्त होत नाही, गाडी भंगारात द्यावी. त्याने गिऱ्हाईकही आणले. बाबा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. दादाचे ते म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या होड्या त्याच काचेच्या मॅटच्या (काचेच्या तंतूंच्या चटईच्या) आणि त्याच रेझिनच्या (तंतूंना धरून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या) असतात आणि त्या वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात लाटांचा मार खातात. म्हणून मी आंबा घाट उतरून गाडी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरावर नेली आणि होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराला दाखवली.

त्यांनी तड्याकडे पाहिलेच नाही. चाक काढायला लावले, बॅटरी घेऊन कमानीच्या आत डोके घातले आणि बॉडी जिथे पोलादी चासीला (खालच्या सांगाड्याला) बोल्टने बसते तिथे बोट ठेवले. तिथला रबरी वॉशर झिजून नाहीसा झाला होता आणि कोणीतरी ती जागा भरून काढण्यासाठी बोल्ट जोराने आवळला होता. त्यामुळे तो कोपरा सतत ताणाखाली होता. खांबाचा धक्का केवळ निमित्त ठरला. हा ताण काढल्याशिवाय वर कितीही थर चढवले तरी तडा परत येणार, हे त्यांनी मला तिथेच दाखवून दिले. मग एक नाणे घेऊन त्यांनी सगळा कोपरा ठोकून पाहिला. थर एकमेकांना धरून असतात तिथे आवाज खणखणीत येतो आणि सुटलेले असतात तिथे बद्द येतो. बद्द आवाजाची जागा तड्याच्या दुप्पट रुंद निघाली.

नंतरचे काम त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतले. रिव्हेट काढून पुट्टी पूर्ण खरवडली. रंग काढायला रासायनिक पेंट रिमूव्हर वापरू दिला नाही, कारण तो रेझिनलाही खातो. आतल्या बाजूने ग्राइंडरने कडा इतक्या उतरत्या केल्या की तीन मिलिमीटर जाडीच्या भागाला दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरचा उतार मिळाला, म्हणजे जाडीच्या जवळजवळ बारापट. जुन्या कडक झालेल्या फायबरवर नवे रेझिन रासायनिक रीतीने फारसे जुळत नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. म्हणून हा उतार आणि हा खरखरीतपणा हाच दुरुस्तीचा खरा जोर आहे. पुढून मेण लावलेला पत्रा आकाराला टेकवून बांधला आणि आतून चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर ब्रशने टोचत, रोलरने हवा काढत बसवले. ते एप्रिलचे दिवस होते. मॅट उन्हात वाळवून घेतली होती आणि रेझिन एका वेळी पाव किलोहून जास्त कालवले नाही, कारण त्या उन्हाळ्यात ते वाटीतच घट्ट व्हायला वेळ लागत नाही. पुढून उथळ खाच करून पातळ मॅटचे दोन थर दिले आणि अगदी शेवटी, नखाएवढी सुद्धा जाडी होणार नाही इतकी पुट्टी लावली. पुट्टीची जागा तेवढीच आहे.

एपॉक्सीबद्दल माझे मत असे की आपल्या गाडीला साधे पॉलिस्टर रेझिन पुरेसे आहे, कारण बॉडी मुळात त्याचीच आहे. एपॉक्सीचा आग्रह बहुधा अमेरिकेतल्या कॉर्व्हेट या फायबर बॉडीच्या स्पोर्ट्‌स गाडीवाल्यांचे सल्ले वाचून धरला जातो. १९७३ पासूनच्या कॉर्व्हेटचे पॅनल साच्यात उष्णतेने दाबून केलेल्या वेगळ्या मिश्रणाचे आहेत आणि त्यांना पॉलिस्टर नीट धरत नाही. मात्र जुन्या पृष्ठभागाला एपॉक्सी अधिक घट्ट चिकटते हे खरे आहे, त्यामुळे बिजागरी किंवा बोल्टच्या जागेवर ते जरूर वापरावे. तिथे मॅट न घेता विणलेले काचेचे कापड घ्यावे, कारण साध्या मॅटचे तंतू बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने नाही. एपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा थर देऊ नये. तो नीट सुकत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर (ते घट्ट करणारा द्रव) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मग १०० ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावावा. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पावसाळी हवेत हे काम काढू नये. थर दिल्यावर निदान तीन आठवडे रंग देऊ नये. रेझिन आकसत राहते आणि घाई केल्यास मॅटच्या तंतूंचे ठसे रंगातून दिसू लागतात.

बाबा त्यानंतर अकरा वर्षे ती गाडी चालवत होते. आता ती माझ्याकडे आहे आणि त्या कोपऱ्यावर एकही तडा नाही. दादा गेल्या दिवाळीत आला तेव्हा मी चाक काढून त्याला आतला भाग दाखवला. त्याने हात फिरवून पाहिला, पण बाबांसमोर 'कुजते' म्हणाला होता तो शब्द त्याने अजून मागे घेतलेला नाही.

खर्चाचे म्हणाल तर आतली बाजू पाहिल्याशिवाय कोणीही आकडा सांगू नये, मीही सांगणार नाही. आधी चाक काढून बॅटरीच्या उजेडात तो बोल्ट आणि त्याचा रबरी वॉशर पाहा.