अर्धा एकर विकण्याआधी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तासगावजवळ अडीच एकर द्राक्षबाग, ४६ वर्षांच्या यजमानांना अप्लास्टिक ॲनिमिया. प्रतिकारशक्ती दाबणारी एटीजी इंजेक्शनं आणि दवाखान्यातलं राहणं मिळून रुग्णालयाने ६.५ लाखांचा अंदाज दिलाय, पुढे गोळ्या-तपासण्यांना महिना १५,०००. हाताशी ५ लाखांची ठेव नि १२ तोळे सोनं. आणि रस्त्याकडचा अर्धा एकर ९ लाखांना मागणारा एकजण याच आठवड्यात विसार द्यायला तयार आहे. विकावा का?

माझं मत, आत्ता विकू नका. जमिनीच्या मायेपोटी म्हणत नाही. माणसापुढे अर्धा एकर काहीच नाही. पण आठवड्याच्या घाईत भाव पडूनच मिळतो, आणि तुमचं पीक जानेवारी ते मार्चमध्ये पैसा देणार आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच हाडांतल्या मगजावर, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर, उलटते. तांबड्या पेशी कमी पडल्या की रक्त ऑक्सिजन पुरेसा वाहून नेत नाही, म्हणून यजमानांना जिना चढताना धाप लागते. एटीजी आणि सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या ती प्रतिकारशक्ती दाबतात, पण गुण दिसायला साधारण ३ ते ६ महिने जातात. तोवर रक्त, प्लेटलेट लागू शकतात. गुण आल्यावरही गोळ्या हळूहळूच कमी करतात. घाईने सोडल्या तर आजार उलटू शकतो. इंजेक्शनाच्या दिवशी सगळे पैसे संपवून सहाव्या महिन्यात गोळ्या दिवसाआड घेण्याची पाळी येणं, मला भीती आहे ती याची.

म्हणून वर्षाच्या गोळ्यांचे १.८ लाख आधीच बाजूला काढा, वेगळ्या खात्यात. एकूण गरज ८.३ लाख झाली. ठेव मोडा, व्याजात एखादा टक्का कापला जाईल, तो जाऊ दे. उरलेल्या ३.३ लाखांना सोनं तारण ठेवा. १० टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे ३३,००० होतात, आणि माल उतरला की सोडवता येईल. किसान क्रेडिट कार्डाचे पैसे मात्र यात वळवू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. हप्ता चुकला तर ती सवलत जाते आणि पुढच्या छाटणीला हात आखडतो.

एक खर्च तुम्ही लिहिलाच नाही. फवारणी यजमान स्वतः करतात ना? डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांना औषधाच्या पंपाजवळ जाऊ देऊ नका. ती मजुरी धरा, मिरजेला तपासणीच्या खेपाही धरा. स्वस्त मिळतंय म्हणून सायक्लोस्पोरिनची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नका. रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

नवा आरोग्य विमा या आजाराला आत्ता उपयोगी नाही. आधीच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि आजार लपवून पॉलिसी घेतली तर दावा नाकारला जाऊ शकतो.

सगळ्यात आधी मात्र रेशनकार्ड नि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाकडे, जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार तिच्या यादीत बसतो का, आणि हे रुग्णालय योजनेत आहे का, ते विचारा. मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यायची असते. बिल भरून नंतर मागायला गेलात तर मिळत नाही. बसलं, तर सोन्याला हात लावावा लागणार नाही. विसारवाल्याला तोवर थांबवा, आणि आरोग्यमित्र काय म्हणाला ते मला कळवा.