‘रिव्ह्यू’ला फेरतपासणी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमध्ये पाळणाघरात काम करणाऱ्या बहिणीला डीबीएसचं, म्हणजे तिथल्या पडताळणी यंत्रणेचं, पत्र आलं. मुलांसोबत काम करायला मनाई. पत्रात ‘अपील’ही आहे आणि ‘रिव्ह्यू’ही. गावाकडे आईला सांगताना दोन्हींना ‘फेरतपासणी’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. फेरतपासणी म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे दहावीची उत्तरपत्रिका येईल. शिवाय दोन वेगळी दारं एकाच नावाखाली जातील, आणि त्यातल्या एकाला मुदत आहे.

‘रिव्ह्यू’साठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, पुनर्विलोकन. त्याच्या शेजारीच पुनरीक्षण उभा असतो, म्हणून घोटाळा होतो. लोक् काय, ईक्ष् काय, दोन्ही धातूंचा अर्थ पाहणे. व्युत्पत्तीने दोन्ही शब्द म्हणजे ‘पुन्हा पाहणे’च. वाटणी केली ती कायद्याने. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडा. कलम २५७ पुनरीक्षणाचं, तिथे वरचा अधिकारी खालच्याचं दप्तर मागवून पाहतो. कलम २५८ पुनर्विलोकनाचं, तिथे ज्याने आदेश दिला तोच, किंवा त्याच्या खुर्चीवर आलेला, आपला आदेश पुन्हा पाहतो. सातबाऱ्याच्या वादात तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हा फरक तोंडपाठ असतो. वर्तमानपत्रं ‘फेरविचार याचिका’ लिहितात, तीही याच जातीची, आणि बोलताना फेरविचार मला जास्त जवळचा वाटतो.

इंग्लंडमधल्या, या मनाईच्या, २००६ च्या कायद्यात हीच वाटणी दिसते. रिव्ह्यू डीबीएस स्वतःच करते: नवी माहिती पुढे आली तर, किंवा किमान काळ उलटल्यावर. वय पंचवीस किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यक्तीला तो काळ १० वर्षांचा आहे. अपील मात्र अप्पर ट्रायब्युनलकडे, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाकडे, ३ महिन्यांच्या आत, तेही त्यांची परवानगी मिळाली तर. तिथे दाखवायची असते ती कायद्यातली किंवा वस्तुस्थितीतली चूक. ‘मनाई करणं योग्य होतं का’ हा प्रश्न अपिलाच्या कक्षेबाहेर कायद्यानेच ठेवला आहे. म्हणून ‘दाद मागणे’ एवढंच म्हणून थांबू नये. कशाबद्दल दाद, ते सांगावं लागतं.

‘डीबीएस नाकारलं’ हा शब्दप्रयोगही तिकडच्या मराठी घरांत सर्रास ऐकू येतो. डीबीएसच्या पडताळणी दाखल्यात काही नोंद निघाली तर नोकरी द्यायची की नाही ते मालक ठरवतो, ते नाकारणं. मनाईच्या यादीत नाव जाणं ही वेगळी गोष्ट, कारण त्यानंतर असं काम करणं हाच गुन्हा ठरतो. यादीत नाव घालण्याआधी बहुतेक वेळा एक पत्र येतं आणि म्हणणं मांडायला ८ आठवडे मिळतात. त्या पत्राला आपली ‘कारणे दाखवा नोटीस’ चपखल बसते. पडताळणीला तर नवा शब्द शोधायलाच नको. शाळेतल्या शिपायापासून बसचालकापर्यंत ‘चारित्र्य पडताळणी’ आपल्याकडे रुळलेली आहे, आणि बदलापूरनंतर, २०२४ पासून, ती पालकांच्याही तोंडी आहे.

तेव्हा आईला असं सांगा: “ताईला मुलांसोबत काम करायला मनाई झालीय. निर्णयात चूक आहे असं दाखवायचं तर तीन महिन्यांत वर अपील करायचं. नवीन काही हाती लागलं, तर त्याच कचेरीकडे फेरविचार मागायचा.”