कॅथलिक लोक रोजच्या उपासनेत देवदूतांना खरोखर मानतात का?

कॅथलिक घरांत देवदूतांना काही जिवंत स्थान आहे, की नाताळच्या गोठ्यावर टांगलेल्या पंखवाल्या बाहुलीपुरतेच ते उरले आहेत, असे आपण विचारले आहे. मी वसईतील एका कॅथलिक घरात वाढलो, त्या अनुभवावरून लिहितो. अन्य ख्रिस्ती पंथांची भूमिका काही बाबतींत निराळी आहे.

आमच्याकडे देवदूत दिसण्यापेक्षा ऐकू अधिक येतात. जपमाळ म्हणताना दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांचे आणि आरंभीच्या तीन मण्यांचे मिळून 53 वेळा ‘नमो मरिया’ म्हटले जाते, आणि त्या प्रार्थनेचा प्रारंभ म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात गब्रिएल दूताने नाझरेथच्या मरियेला केलेले अभिवादन होय. संध्याकाळी चटईवर बसून मणी ओढणारी माझी आजी रोज 53 वेळा एका देवदूताचे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारत असे. ‘तू देवदूत मानतेस का?’ असे तिला कोणी विचारले असते, तर प्रश्नाचा रोखच तिच्या लक्षात आला नसता. सकाळ, दुपार आणि तिन्हीसांजेला तीन-तीन टोल्यांनी वाजणारी चर्चची घंटाही त्याच भेटीची आठवण करून देते. मिस्सेतील, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेतील, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे शब्द यशया संदेष्ट्याने दृष्टान्तात सराफीम नावाच्या देवदूतांच्या मुखातून ऐकले होते, आणि अंत्यविधीच्या शेवटी शवपेटी बाहेर नेताना, देवदूतांनी या माणसाला नंदनवनात पोहोचवावे, अशी विनवणी असते.

संत ऑगस्टीन यांनी म्हटले आहे की ‘देवदूत’ हे नाव त्यांच्या स्वरूपाचे नसून कामाचे आहे. मराठीतील ‘दूत’ हा शब्द ते आपोआप सांगून टाकतो. पंखांचे चित्र मात्र ते विसरायला लावते.

बायबलमध्ये नावानिशी येणाऱ्या मिखाएल, गब्रिएल आणि राफाएल या तिघांचा सण 29 सप्टेंबरला असतो. अन्य देवदूतांना नावे देऊ नयेत, असे व्हॅटिकनने 2001 मध्ये लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. देवदूतांच्या नावाने पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्यांचे हल्ली बरे चालले आहे, त्यामुळे ही सूचना मला अनाठायी वाटत नाही. तान्हे मूल वारले की ‘ते देवदूत झाले’ असे आमच्यातही म्हणतात. धर्मशिक्षणानुसार माणूस कधीच देवदूत होत नाही, परंतु त्या क्षणी आईची चूक काढण्याचे धैर्य मला तरी झालेले नाही.

रक्षक दूतांचा सण 2 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका गांधी जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी येतो. या दूताची प्रार्थना बहुतेकांना लहानपणी पाठ असते आणि मोठेपणी सुटते. माझीही सुटली होती. ती पुन्हा सुरू झाली ती तोबितच्या पुस्तकामुळे, जे कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यात राफाएल दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरवून तोबितच्या तरुण मुलाचा, तोबियासाचा, वाटाड्या होतो. त्यांच्यासोबत एक कुत्राही चालत असतो. प्रवास संपून घरी परतल्यावर बापलेक त्याची मजुरी चुकती करू लागतात, तेव्हा कुठे तो आपण कोण आहोत हे सांगतो.