बाबा ७१ च्या लढाईत ‘आसामात’ होते, म्हणजे नेमके कुठं?

ताई, तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी आणतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गाव वसमतजवळ. बाबा १९६४ मध्ये एअरफोर्समध्ये एअरमन (अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्यावरचा सैनिक) म्हणून भरती झाले, पंधरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर आले आणि २००९ मध्ये गेले. घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात थोडी पत्रं, दोन फोटो, चांदणीच्या आकाराचं एक पदक आणि हैदराबाद बँकेचं जुनं पासबुक. आई एवढंच सांगतात की ७१ च्या लढाईत ते आसामात होते. तुम्हाला हवं आहे ते असं: कुठली स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी), काय काम, आणि त्यांच्यासोबतचं कोणी आज हयात आहे का.

बहुतेक जण आधी दिल्लीला अर्ज करतात, उत्तराची सहा महिने वाट पाहतात आणि मग माणसं शोधायला निघतात. तुम्ही तसं करू नका. १९७१ मध्ये बावीस वर्षांचा असलेला पोरगा आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि त्याचा सार्जंट असलाच तर नव्वदीच्या आसपास. अर्ज आणि माणसांचा शोध एकाच आठवड्यात सुरू करा. दोन्ही लागणारच आहेत. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पोस्टिंग दिसते, म्हणजे माणूस कागदावर कोणत्या युनिटचा होता ते. लढाईत त्या युनिटच्या दहा-वीस जणांना उचलून दुसऱ्या धावपट्टीवर नेलं असेल, तर ती डिटॅचमेंट किंवा टेम्पररी ड्युटी त्यात सहसा दिसत नाही. ते फक्त सोबत्यांनाच माहीत असतं.

सुरुवात पेटीपासून. घरचे पत्रं वाचतात, पाकिटं टाकून देतात. तुम्ही उलट करा, आधी पाकिटं पाहा. बाबांच्या पत्त्यात ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर पूर्व भाग, ‘५६ एपीओ’ असेल तर उत्तर-पश्चिम. बाबांकडून आलेल्या पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का असतो, त्यात नंबर आणि तारीख. सैनिकी टपालाचे संग्राहक त्या नंबरवरून ठिकाण सांगू शकतात, आणि ही मंडळी हौशी असल्यामुळे मदतही मनापासून करतात. साधा नागरी शिक्का असेल तर आणखी चांगलं, गावाचं नाव त्याच्यावरच असतं. तारखा १९७१ च्या सप्टेंबरपासून १९७२ च्या मार्चपर्यंतच्या वेगळ्या काढा.

पदकाला चिंच किंवा पितांबरी लावू नका. त्यावर किंवा त्याच्या मागे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असण्याची शक्यता आहे, आणि एकदा घासलं की ते गेलं. उन्हात तिरपं धरून भिंगातून वाचा. चांदणीच्या आकाराचं असेल तर तीन शक्यता धरून चाला: १९६५ चा समर सेवा स्टार, ७१ चा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. पूर्वी स्टार निघाला तर आईंचं ‘आसामात’ निम्मं सिद्ध झालं. गोल संग्राम मेडल मात्र फार मोठ्या भागातल्या लोकांना मिळालेलं आहे, त्यावरून ठिकाण ठरवू नका. १९६५ च्या रक्षा मेडलचंही तेच.

फोटोत खाकी कपडे दिसले म्हणून ‘मग ते आर्मीत होते की काय’ असा घोळ घालू नका. त्या काळी एअरफोर्सचा उन्हाळी गणवेश खाकीच होता. (आपल्याकडं गावात तिन्ही दलांना ‘मिल्ट्री’च म्हणतात, त्यानं घोळ वाढतो.) बाहीवर विमानाच्या पंख्याचं आडवं चिन्ह असेल तर लीडिंग एअरक्राफ्ट्समन, दोन फिती असतील तर कॉर्पोरल, तीन असतील तर सार्जंट. विमानतळावर फोटो काढायला बंदी असायची, त्यामुळे बहुतेक फोटो गावातल्या स्टुडिओत काढलेले असतात. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो. तेजपूरच्या स्टुडिओचा शिक्का निघाला तर अर्धा दिवस वाचला.

आता मराठवाड्यातल्या लोकांची खास अडचण. बाबा भरती झाले तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. त्यामुळे रेकॉर्डमध्ये वसमत परभणी जिल्ह्यातच असणार. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होतं आणि जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत. तुम्ही आजचा जिल्हा लिहून अर्ज केला आणि रेकॉर्डमध्ये दुसराच निघाला, तर कारकून ‘जुळत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. दोन्ही जिल्हे लिहा: ‘जिल्हा हिंगोली, भरतीच्या वेळी परभणी’. जवळचं रेल्वे स्टेशन आणि पोस्ट ऑफिसही लिहा, कारण रेल्वे वॉरंटसाठी, म्हणजे रजेच्या प्रवासाच्या सरकारी पाससाठी, ती नोंद रेकॉर्डमध्ये असायची. नावाचंही तसंच. ‘बापूराव’चं इंग्रजीत ‘बापू राव’ असं दोन शब्दांत होतं, आडनाव कधी आधी येतं कधी नंतर, आणि दाक्षिणात्य कारकुनाच्या हाताखाली आडनाव नुसत्या आद्याक्षरावरही येतं. शक्य असलेली सगळी रूपं अर्जात द्या. जन्मतारखेत शाळेचा दाखला आणि रेकॉर्ड यांचा मेळ बसला नाही तर घाबरू नका, हे नेहमीचं आहे.

या सगळ्यावर उपाय एकच, सर्व्हिस नंबर. एअरमनचा नंबर भरतीपासून निवृत्तीपर्यंत तोच राहतो. तो डिस्चार्ज बुकात असतो, पदकावर असू शकतो आणि पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तर असतोच. आईंना फॅमिली पेन्शन चालू असेल तर त्यांच्या ‘स्पर्श’ (सैनिकी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) खात्यातून पीपीओ काढा. ते जमत नसेल तर बँकेत जा. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, म्हणजे पासबुकावरच्या शाखेचा वारस आज स्टेट बँक आहे. पेन्शनची फाइल तिथं मागा. शाखेत ‘जुनं काही नाही’ असं पहिल्या फेरीत सांगतातच, दुसऱ्या फेरीला आईंना सोबत न्या.

नंबर हाती आला की अर्ज एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रोतो पार्क, नवी दिल्ली ११००१० इथं पाठवा. (बाबा अधिकारी असते तर हे ऑफिस लागलं नसतं, ती कागदपत्रं एअर मुख्यालयाकडं असतात.) अर्ज आईंच्या नावानं करा, सही किंवा अंगठा त्यांचा, तुमचं नाव संपर्कासाठी. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आईंचं ओळखपत्र. मागणी मोघम ठेवू नका. ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ असं लिहिलं की दोन ओळींचं प्रमाणपत्र येतं. असं लिहा: ‘भरतीपासून निवृत्तीपर्यंतच्या सर्व युनिटांची नावं रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसह, ट्रेड, हुद्द्यांच्या तारखा, आणि मंजूर पदकांची यादी.’ तुमचा जन्म बाबा नोकरीत असताना झाला असेल तर तुमचं नाव पीओआरमध्ये, म्हणजे घरगुती घडामोडींच्या नोंदीत, असणार. तसं अर्जात सांगा, नातं सिद्ध करायला ते उपयोगी पडतं.

माहिती अधिकाराचा अर्ज हा दुसरा टप्पा. केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावर दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. पण पहिलाच अर्ज आरटीआयनं टाकला तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याचा धोका असतो. म्हणून साध्या अर्जाला दोन महिने द्या. आरटीआय टाकताना कलम ८(३) चा उल्लेख करा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, काही मोजके अपवाद सोडून, द्यावी लागते. नकार आला तर पहिलं अपील तीस दिवसांत.

आता माणसं. ‘बाबांसोबतचं कोणी’ असं शोधलं तर कोणी सापडत नाही. शोध ट्रेडनं आणि नंबरनं करायचा. ट्रेड म्हणजे एअरफ्रेम फिटर, इंजिन फिटर, आर्मामेंट, इन्स्ट्रुमेंट, वायरलेस ऑपरेटर, एमटी ड्रायव्हर, इक्विपमेंट असिस्टंट वगैरे. आईंना ट्रेडचं नाव आठवणार नाही. पण प्रशिक्षण जलाहळ्ळीला झालं असं आठवलं तर बहुधा रेडिओ-रडारकडचे, तांबरम आठवलं तर इंजिन-एअरफ्रेमकडचे. बाबांच्या नंबराच्या आगेमागे असलेले नंबर म्हणजे एकाच सुमारास भरती झालेले लोक. एअरमन लोक आपल्या एन्ट्रीचे, म्हणजे एकत्र भरती झालेल्या तुकडीचे, संबंध जन्मभर धरून राहतात आणि आता त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. एका ग्रुपात एक नंबर टाकला की तो आठवड्यात चार राज्यं फिरतो.

इथं एक गोष्ट आधीच समजून घ्या. त्या पिढीतले एअरमन केरळ, तमिळनाडू, पंजाबकडचे पुष्कळ होते, आणि महाराष्ट्रातले बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. परभणी-नांदेडमध्ये सोबती शोधत बसलात तर वर्ष जाईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते, तिथं ‘एअरफोर्स, १९६० ते ७० ची भरती’ एवढंच विचारा. ते पत्ता देणार नाहीत, पण तुमचा निरोप पोचवतात. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये (माजी सैनिकांच्या दवाखान्यात) आणि छावणीच्या कँटीनमध्ये फलकावर एक पान लावा: नंबर, ट्रेड, फोटो, वर्षं, तुमचा फोन. एअर फोर्स असोसिएशनच्या पुण्याच्या शाखेला लिहा. ८ ऑक्टोबर हा एअरफोर्स डे आणि १४ जानेवारी हा व्हेटरन्स डे, या दोन दिवशी म्हातारी मंडळी एकत्र भेटतात. पाकिटावरून युनिट कळलं असेल तर त्या स्क्वॉड्रनच्या आजच्या कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहा. पुष्कळ स्क्वॉड्रन स्वतःचा इतिहास आणि जुन्या लोकांची यादी जपतात.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला पत्र साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, सोबत तिकीट लावलेलं उत्तरी पाकीट. फोन सकाळी दहा ते बारा. दुपारनंतर ऐकू कमी येतं आणि थकवा असतो.

भेटलात की पहिला अर्धा तास बाबांबद्दल बोलूच नका. हे अवघड वाटेल, पण नियम म्हणून पाळा. ‘माझे बाबा तेजपूरला होते ना?’ असं विचारलंत की समोरचा भला माणूस ‘हो हो, होते’ म्हणतो आणि तुमचाच अंदाज त्याची आठवण होऊन परत येतो. त्यांच्याबद्दल विचारा. तुमचा ट्रेड काय, विमान कोणतं, बराक की तंबू, जेवण कुठं. मग ३ डिसेंबर १९७१, शुक्रवार संध्याकाळ. पाकिस्ताननं पश्चिमेकडच्या तळांवर हल्ले केले ती संध्याकाळ. त्या वेळी आपण कुठं उभे होतो हे बहुतेक जण सांगू शकतात. तिथून पुढं आणि मागं जा: तिथं कधी आलात, कशानं आलात, पॅकेट या मालवाहू विमानानं की रेल्वेनं, परत कधी गेलात. शेवटी फोटो दाखवा, ए-फोर आकाराची प्रत काढून. चेहऱ्यांवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर नंबर घाला आणि त्यांना ओळखू द्या. ‘हा पाटील’ म्हणाले तर थांबा, मराठी माणसाला युनिटमध्ये ‘पाटील’ हे टोपणनाव म्हणूनही चिकटतं. निघताना एक प्रश्न नक्की: ‘हे आणखी कोणाला माहीत असेल?’ परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढं बसू नका, दुसऱ्यांदा या. रडार किंवा सिग्नल युनिटचे लोक काही सांगायला नकार देतील. आग्रह धरू नका.

मिळालेलं तपासून घ्या. घरच्यांच्या बोलण्यातलं ‘आसाम’ फार मोठं असतं. मेघालय पूर्ण राज्य झालं २१ जानेवारी १९७२ ला, तोवर शिलाँगही आसामातच होतं आणि ईस्टर्न एअर कमांडचं मुख्यालय तिथंच होतं. तेजपूर, गुवाहाटी, जोरहाट, चबुआ, कुंभीरग्राम हे खरे आसामातले. पण हाशिमारा बंगालमध्ये, आगरतळा त्रिपुरात, दिमापूर नागालँडमध्ये, आणि तिथं राहिलेले लोकही घरी ‘आसाम’च सांगत. त्यामुळे विमानावरून ठिकाण पकडा. हाशिमाऱ्याला हंटर ही लढाऊ विमानं होती. मेघना नदी ओलांडताना सैन्य उचलणारी एमआय-४ हेलिकॉप्टरं आगरतळ्याच्या बाजूची. तेजपूरच्या २८ स्क्वॉड्रनकडं मिग-२१ होती, आणि १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारी तिची विमानं गुवाहाटीहून उडाली. म्हणजे कागदावर तेजपूर आणि लढाईत गुवाहाटी, असं एकाच माणसाच्या बाबतीत असू शकतं, आणि दोन्ही खरं. कोणी म्हणालं की ७१ मध्ये मी साउथ वेस्टर्न कमांडमध्ये होतो, तर ते नंतरच्या पोस्टिंगची भेसळ आहे, कारण ती कमांड १९८० मध्ये झाली. १९६५ आणि ७१ एकमेकांत मिसळणं तर सर्रास. अशा चुकीवरून माणसाला खोटं पाडू नका, टिपणात बाजूला लिहून ठेवा.

वहीत तीन रकाने करा: कागदावर काय आहे, एकानं काय सांगितलं, दोघांनी वेगवेगळं बसून काय सांगितलं. तिसऱ्या रकान्यात आलेलं आणि पाकिटावरच्या शिक्क्याशी जुळलेलं तेवढंच नक्की धरा. ज्यांना बाबा आठवत नाहीत त्यांचंही लिहून घ्या, कारण त्या धावपट्टीवरचा डिसेंबर कसा होता हे तेच सांगणार आहेत.

तोवर इथं दोन फोटो टाका, पदकाची दोन्ही अंगं आणि एखादं पाकीट, शिक्का स्पष्ट दिसेल असं. नंबर आणि घरचा पत्ता झाकायला विसरू नका.