गेम कट्टा : बिनकामाच्या डायनोसॉरचा नंबर लावून द्या

या महिन्यात तीन पत्रं घेतलीत आणि तिन्ही डायनोसॉरचीच आहेत, सुट्ट्या लागल्यापासून जळगाव-धुळ्याकडून दुसरं काही येतच नाहीये. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी चार-पाच जणांनी विचारलाय.

प्रश्न : दादा नमस्कार. मी बारावीला आहे, दिवाळीपासून मोबाइलवर जुरासिक वर्ल्ड द गेम खेळतोय. पार्कात ३४ प्राणी झालेत, त्यातले १९ मांसाहारी, १० शाकाहारी, उभयचर तीन आणि उडणारे फक्त दोन. टी-रेक्स पण आहे, एकच आहे, लेव्हल १०. तरी लढाईत सारखा हरतोय भो, समोरचा येतो आणि माझ्या टीमचे तिन्ही प्राणी मारून जातो. मित्र म्हणे भंगार विकून टाक, डीएनए मिळेल. तुम्ही एकदा बिनकामाच्या प्राण्यांचा नंबर लावून द्या ना, सगळ्यात बेकार त्याचा पहिला. आणि ट्रायसेराटॉप्स विकू का, लेव्हल २० ची दोन पडून आहेत.
— एक वाचक, पारोळा

उत्तर : भाऊ, ट्रायसेराटॉप्सला हात लावू नको, बाकीचं नंतर बोलू. लेव्हल २० ची दोन असली की ती जोडून एक २१ चा होतो आणि मग खायला घालून त्याला ३० पर्यंत नेता येतं. तू जे लिहिलंस त्यात ३० च्या वाटेवर असलेला तेवढा एकच गडी दिसतोय आणि तू त्यालाच बाजार दाखवायला निघालास. कॉमन आहे म्हणून, बरोबर ना? सगळ्यांकडे असतो, सुरुवातीलाच मिळतो, त्याचं कौतुक कोणाला वाटत नाही. पण कॉमन म्हणजे बिनकामाचा असं नाही, कॉमन म्हणजे जोडीदार सहज मिळतो आणि या गेममध्ये जोडीदार मिळणं हीच खरी श्रीमंती आहे.

आता तू हरतोस का ते आधी समजून घे म्हणजे नंबर का असा लावलाय ते कळेल. मांसाहारी शाकाहारीला भारी पडतो, शाकाहारी उडणाऱ्याला, उडणारा उभयचराला आणि उभयचर मांसाहारीला. असा गोल फिरतो. भारी पडतो म्हणजे वार दीडपट लागतो आणि उलट दिशेने मारलेला वार निम्म्यावर येतो. म्हणजे तुझा मांसाहारी उभयचरापुढे उभा राहिला की तो जिथे १०० चा वार करणार तिथे तुझे १५० जातात आणि तू परत मारलेल्या १०० चे ५० लागतात, सरळ तीन पट फरक पडला, लेव्हल-बिव्हल सगळं बाजूला राहतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकलेली आणि पुतण्या शेकोटीला पाठ करून मोबाइलवर लढाई खेळत बसलेला. टीममध्ये तिन्ही मांसाहारी, एकापेक्षा एक दातांचे. समोरून एक उभयचर आला, बुटका, चिखलाच्या रंगाचा, दिसायला अगदीच साधा. पहिला गेला, दुसरा काढला तो पण गेला, तिसऱ्याच्या वेळी पोरगं बदली करायला बघतंय तर बदलायला काही उरलंच नव्हतं. वांगी एका बाजूने भाजून पलटायच्या आत खेळ संपला. आजीने विचारलं, ‘हाई काय शे रे, इतलं रागावाले काय झायं?’ तेव्हा मी मोबाइल घेऊन त्याला प्राण्याच्या नावाजवळचं ते छोटं वर्गाचं चिन्ह दाखवलं. इतके महिने खेळून त्याने त्या चिन्हाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, नुसते दात बघून टीम लावत होता. तुझ्या १९ मांसाहारींचा आकडा वाचला तेव्हा मला तेच आठवलं.

तर आता नंबर. सगळ्यात बिनकामाचा पहिला, आणि तुला वाईट वाटेल, मला माहितीये, पण तुझा एकटा टी-रेक्स.

दिसायला राजा आहे, लेजेंडरी म्हणजे दुर्मिळ आहे, मान्य. पण हिशोब बघ. एक प्राणी एकट्याने फक्त लेव्हल १० पर्यंत जातो. ११ व्हायला त्याच जातीचे दोन लागतात, २१ व्हायला चार आणि ३१ होऊन ४० पर्यंत जायला एकूण आठ. कॉमनचे आठ जमवणं सोपं आहे, लेजेंडरीचे आठ जमवायला किती दिवस लागतील ते तूच बघ, तुझ्याकडे इतक्या महिन्यांत एकच आलाय. तोवर तो १० वरच उभा. त्यात लढाई झाली की त्याला आराम लागतो आणि जितका तगडा प्राणी तितका आराम जास्त, म्हणजे एक लढाई खेळून राजा तासनतास झोपणार. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, खेळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असा आहे की समोर येणारी टीम आपल्याकडचे वरचे प्राणी बघून ठरते. एकच प्राणी फार वर आणि बाकीचे पार खाली असले की समोरून राजाच्या तोडीचे तिघे येतात आणि आपल्याकडे राजा एकटाच, बाकी दोन नुसते मार खायला. दावणीला एक खिल्लारी आणि त्याच्या जोडीला वासरू जुंपलं तर औत सरळ चालेल का? तसंच हे.

विकायचा मात्र नाही. जोडीदार मिळाला की तोच प्राणी या यादीतून बाहेर पडतो, आणि पुढे इंडोमिनस रेक्स हा हायब्रिड, म्हणजे दोन प्राणी मिसळून होणारा, करायचा असेल तर टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर हेच दोघे लागतात. तोवर पार्कात नाणी देत राहू दे, टीममध्ये घ्यायची घाई करू नको, आणि दुसरा लेजेंडरी मिळाला तर त्याला लगेच खायला घालून १० वर नेऊ नको, बाकीचे त्याच्या जवळ येईपर्यंत थांब.

दुसरा नंबर पाचव्या मांसाहारीपासून पुढच्या सगळ्यांचा. चार ठेव, पाच ठेव हवं तर, जोडी लागलेले ठेव, पण १९ कशाला? प्रत्येकाला खायला लागतं, खाणं नाण्यांतून तयार होतं आणि नाणी काही आकाशातून पडत नाहीत. तू जे खाणं १९ तोंडांत वाटलंस तेच जर पाच जणांना घातलं असतं तर आज तुझी टीम वेगळी दिसली असती. यातले जे एकेकटे आहेत, ज्यांचा जोडीदार नाही आणि पुढे कुठल्या हायब्रिडलाही लागत नाहीत ते विकले तरी चालतील, मित्राचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे. पण विकायच्या आधी प्रत्येकाच्या पानावर हायब्रिडचं बघून घे, एकदा विकलेला परत मिळवायला पुन्हा पहिल्यापासून मेहनत घ्यावी लागते.

तिसरा नंबर ४० पर्यंत नेऊन ठेवलेल्या दहाव्या-बाराव्या कॉमनचा. दोन-तीन पूर्ण वाढलेले कॉमन असावेत, लवकर आराम करून परत येतात, सोप्या लढाया त्यांच्यावर काढता येतात. त्याच्या वर हौस.

बास, माझ्या मते बिनकामाचे इथेच संपले. आता लोक ज्यांना बिनकामाचं म्हणतात आणि जे अजिबात नाहीत त्यांचं सांगतो, कारण मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. ज्याचा जीव भरपूर आणि वार हलका असा प्राणी मुलं सरळ विकतात. अरे, लढाईत पहिल्या टर्नला एकच पॉइंट मिळतो, म्हणजे एकच वार करता येतो, त्या एका पॉइंटात सहसा कोणी कोणाला मारू शकत नाही. तेव्हा पुढे असा जाड कातडीचा उभा करायचा, तो मार खात राहतो, तू पॉइंट राखून ठेवत राहतोस आणि मग मागून खरा मारणारा आणायचा. जो मारत नाही तोच जिंकून देतो कितीतरी वेळा. आणि तुझे दोन उडणारे आणि तीन उभयचर, त्यांना आजपासून आधी खायला घाल. तिन्ही उभयचर वेगवेगळे असतील तर त्यातल्या ज्याचा जोडीदार लवकर मिळेल असं दिसतं त्याच्यापासून सुरू कर. महिनाभर एकही नवीन मांसाहारी उबवायला टाकू नको. टीम लावताना तीन वर्गांचे तीन घे, त्यात तो २१ चा ट्रायसेराटॉप्स नक्की असू दे, समोर उडणारा आला की त्याला पुढे काढ आणि काय होतं ते मला लिहून कळव, मी वाट बघतोय.

प्रश्न : दादा, मी सातवीत आहे. गेममध्ये सगळे अमेरिकेचे आणि चीनचे डायनोसॉर असतात, आपल्याकडचा एक पण नाही का? आणि आपल्या खान्देशात का सापडत नाहीत?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : आहे ना ताई, राजासॉरस आहे. मांसाहारी, डोक्यावर छोटंसं शिंग, पूर्ण नाव राजासॉरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेचा राजेशाही सरडा. त्याची हाडं गुजरातेत रहियोलीला सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं. वरच्या पत्रात मी मांसाहारी कमी करा म्हणालो पण हा मात्र मी स्वतः कधीच विकणार नाही, आपल्या मातीतला आहे. महाराष्ट्रातला पण एक आहे, आयसिसॉरस, लांब मानेचा शाकाहारी, चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडला.

खान्देशचं कारण आपल्या पायाखालीच आहे. विहीर खोदताना जो काळा पाषाण लागतो तो लाव्हाचा दगड, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरला त्याचा. तापत्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. ती मिळतात लाव्हाच्या खालच्या किंवा मधल्या गाळाच्या थरात, आणि आपल्याकडे तो थर खोल दाबला गेलाय. तुमच्या शिरपूरहून सातपुडा ओलांडून नर्मदेच्या पलीकडे गेलं की धार जिल्ह्यात मात्र तो उघडा पडलाय, तिथल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भागात एका गावात लोक गोल दगड काकर भैरव म्हणून पूजत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण करतो म्हणून, आणि तपासल्यावर ती डायनोसॉरची अंडी निघाली. मला हे फार सुंदर वाटतं, कारण त्या लोकांनी ती फोडली नाहीत की फेकली नाहीत, पिढ्यानपिढ्या जपली. आणि एक, गेममधले उडणारे टेरॅनोडॉन वगैरे हे डायनोसॉर नव्हेत, ते टेरोसॉर. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीच संपला होता आणि नात्याने तो आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या जवळचा. परीक्षेत चुकू नको.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मोबाइलमध्ये यांचं कार्ड सेव्ह होतं, त्याने गेममध्ये एक डायनोसॉर घेतला आणि साडेचारशे रुपये गेले. त्याला कळलंच नाही की खरे पैसे आहेत. मी खूप रागावले, तो दोन दिवस जेवला नाही नीट. आता काय करू?
— एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, आधी त्याला जवळ घ्या. गेममध्ये नाणी पण खोटी आणि ते हिरवे डॉलर पण खोटे, त्यात एकच बटण खऱ्या पैशाचं असतं, नऊ वर्षांच्या पोराला तो फरक कळत नाही, ही त्याची लबाडी नाही. मग प्ले स्टोअर उघडा, वर प्रोफाइलचा गोल दाबा, सेटिंग्जमध्ये जा, तिथे खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायचा पर्याय असतो, तो प्रत्येक खरेदीसाठी चालू करा आणि पासवर्ड त्याच्यासमोर टाकू नका. मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढूनच टाकलं तर सगळ्यात उत्तम. पैसे परत मागायचे असतील तर प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्टरीतून रिफंडची विनंती करता येते, ती लवकर करावी, ४८ तासांच्या आत केली तर बरं पडतं. तुमचे ते ४८ तास उलटून गेलेत, तरी विनंती आजच करून बघा.

आणि त्याने कोणता घेतला ते विचारा. एकटाच लेजेंडरी घेतला असेल तर पारोळ्याच्या दादाला दिलेलं वरचं उत्तर त्याच्या शेजारी बसून त्याला वाचून दाखवा, आठ लागतात तो हिशोब बोटांवर करायला लावा. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं नक्की जमतं.