सिक्स सिग्मा फुकटात शिकता येईल का?

प्रश्न: डिप्लोमा करून हिंगणा एमआयडीसीत क्वालिटीला लागलोय. साहेब म्हणतात, सिक्स सिग्मा शिकून घे. सीताबर्डीवरचे क्लासवाले पस्तीस हजार सांगताहेत. ऑनलाइन फुकट काही मिळेल का?

उत्तर:

भाऊ, पस्तीस हजार सध्या खिशातच राहू द्या. सिक्स सिग्मा म्हणजे मापं आणि आकडे मांडून मालातले दोष कमी करायची पद्धत, बाकी काही नाही. मी बुटीबोरीत अकरा वर्षं क्वालिटीत आहे आणि जे कामाला आलं ते बहुतेक फुकटच शिकलो.

पहिलं ठिकाण एनपीटीईएल, म्हणजे ऑनलाइन शिकवणीची साइट. आयआयटीवाल्यांचे अभ्यासक्रम तिथे आहेत, त्यात आयआयटी खरगपूरचा सिक्स सिग्माचाही आहे. व्हिडिओ यूट्यूबवर कधीही बघा, पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला, तेही तुम्हाला प्रमाणपत्र हवं असेल तर. मी दिली तेव्हा हजार रुपये होते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तिला ७५ टक्के वजन आणि दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५, त्यामुळे शेवटच्या रात्री जागून भागत नाही. साहेबांना कागद दाखवायचाच असेल तर हा दाखवा. ‘ग्रीन बेल्ट’, ‘ब्लॅक बेल्ट’ या सिक्स सिग्माच्या पदव्या देणारी जगात कुठलीही एकच अधिकृत संस्था नाही, ज्याला वाटेल तो क्लास पट्टा बांधून देतो.

दुसरं, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेचं सांख्यिकी पद्धतींचं ऑनलाइन हँडबुक. दिसायला जुनाट, पण माल अस्सल. आठ प्रकरणं आहेत; तुम्ही थेट सहावं उघडा, कंट्रोल चार्ट, म्हणजे मापांचे ठिपके क्रमाने मांडून मशीन कुठे घसरतंय ते दाखवणारे आलेख, तिथे आहेत. पॅरेटो, फिशबोन वगैरे दोषाचं कारण शोधायच्या सात टूल्ससाठी एएसक्यू या अमेरिकेतल्या क्वालिटीवाल्यांच्या संस्थेच्या साइटवर सोपी पानं आहेत, ती दोन संध्याकाळींत होतात.

चार्ट काढताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात, मीही केली: ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, वरची-खालची रेघ म्हणून मारतात. त्या रेघा तुमच्या मशीनच्या स्वतःच्या मापांवरून काढायच्या असतात. पाच-पाच जॉबचे, म्हणजे मशीनवर बनलेल्या नगांचे, गट घेतले तर सरासरीच्या वर आणि खाली ०.५७७ गुणिले सरासरी रेंज (रेंज म्हणजे गटातल्या सगळ्यात मोठ्या आणि छोट्या मापातला फरक), एवढंच गणित.

आता हे कशासाठी, ते सांगतो. आमच्याकडे ५० मिमी व्यासाचा एक शाफ्ट चालायचा, एकूण टॉलरन्स २० मायक्रॉन. मे महिन्यात सेकंड शिफ्टचा माल सकाळी इन्स्पेक्शनला अंडरसाइज निघायचा. खापर अर्थातच सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरवर. मी एनपीटीईएलवर नुकतंच शिकलो होतो, म्हणून इन्स्पेक्शनची मापं जॉब ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडली. ठिपके शिफ्टबरोबर बदलतच नव्हते! दुपारी बारापासूनच, म्हणजे फर्स्ट शिफ्ट चालू असतानाच, ते खाली घसरायला लागायचे आणि रात्री दहानंतर परत जागेवर यायचे.

दुपारी टाकीतलं कूलंटच, म्हणजे जॉब थंड ठेवणारं पाणीच, तापलेलं असायचं. जॉब चटका बसेल इतका गरम निघायचा, तसाच मोजायचा आणि त्या मापावर ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनचं टूल तेवढं आत सरकवायचं. जॉब मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असेल तर पन्नासच्या व्यासावर साधारण १४ मायक्रॉन जास्त दाखवतो. थंड झाला की तेवढाच आत जातो. वीसपैकी चौदा गेल्यावर उरलं काय? पोट्टा बिचारा महिनाभर उगाच बोलणी खात होता. शेवटी मशीनजवळच मास्टर, म्हणजे अचूक मापाचा नमुना, ठेवला, जॉब त्याच्या शेजारी निवू द्यायचा आणि मगच मोजायचा. रिजेक्शन त्याच आठवड्यात उतरलं. खर्च एका जुन्या टेबलाचा.

म्हणून आधी फक्त कंट्रोल चार्टचे व्हिडिओ बघा. डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स (प्रयोग आखायची पद्धत), मिनिटॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) हे सगळं सहा महिने बाजूला ठेवलं तरी चालेल. तुमच्या सगळ्यात जास्त रिजेक्शनच्या जॉबची एक वही करा: वेळ, माप, कोणी मोजलं, कुठल्या मायक्रोमीटरने. मे असेल तर जॉब गरम होता की निवलेला, तेही लिहा. वही ऑपरेटरकडूनच भरून घ्या, आणि ही त्याला पकडायला नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर सगळी मापं अगदी मधोमध यायला लागतील.